नळीवरचा ठसा काय सांगतो?





या वर्षी आपल्या शाळेच्या इतिहास प्रदर्शनाचा विषय होता 'आमच्या घरातील जुन्या वस्तू'. मुलांनी अडकित्ते, पानदाने, घंगाळी, जुनी नाणी, मोडी कागद अशा कितीतरी वस्तू आणल्या. शस्त्रे शाळेत आणायची नाहीत हा नियम मीच केलेला असल्यामुळे मी माझ्या माहेरच्या दुनळी बंदुकीची फक्त छायाचित्रे लावली. बंदूक दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, परवान्यावर आहे. त्यांनीच नळ्या उतरवून चहूबाजूंनी फोटो काढून पाठवले होते. खाली मी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली : 'सन १८५८ च्या समरात आमच्या खापरपणजोबांनी वापरलेली बंदूक.'

लहानपणापासून आम्ही हेच ऐकले होते. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे ग्वाल्हेरला आले, तेव्हा आमचे खापरपणजोबा त्यांच्या बाजूने लढले आणि ही बंदूक त्यांच्या हातात होती. फूलबागेत राणीसाहेबांच्या समाधीसमोर उभे राहिले की आबा ही गोष्ट सांगायचेच.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, नळीच्या खाली ही अंड्यासारखी खूण कसली? आत अक्षरे आहेत आणि वर मुकुट आहे."

मी म्हटले, "कारखान्याची असेल." आणि पुढे गेले. पण 'असेल' हे उत्तर शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही. घरी आल्यावर ते मनाला लागून राहिले. मग मी त्या खुणेच्या मागे लागले. जे कळले ते आपणा सर्वांसमोर ठेवत आहे, कारण त्यातून माझी पाटी मला बदलावी लागली.

प्रूफ म्हणजे काय?

आपण सोने घेताना त्यावर हॉलमार्क आहे का ते पाहतो. सोनाराच्या शब्दावर न थांबता तिसऱ्या, तटस्थ माणसाने कस पाहून ठसा मारलेला असावा, अशी आपली अपेक्षा असते. कुकर घेताना आयएसआयची खूण पाहतो, तीही याच कारणाने. युरोपात बंदुकीच्या नळीबद्दल हीच व्यवस्था फार पूर्वी सुरू झाली.

नळीत दारू पेटली की क्षणात प्रचंड दाब निर्माण होतो. लोखंडात फट असेल, सांधा कच्चा असेल, तर नळी फुटते आणि बंदूक धरणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो. बाहेरून पाहून हा दोष कळत नाही. म्हणून नळीची परीक्षा घेण्याची पद्धत निघाली. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू नळीत भरायची, माणसांनी जाड भिंतीच्या आड उभे राहायचे आणि दुरूनच बार उडवायचा. मग नळी तपासायची. फुगली, चिरली किंवा फुटली तर बाद. टिकली तर तिच्यावर पोलादी छापाने ठोकून ठसा उमटवायचा. या परीक्षेला इंग्रजीत 'प्रूफ', परीक्षा घेणाऱ्या संस्थेला 'प्रूफ हाऊस' आणि त्या ठशाला 'प्रूफ मार्क' म्हणतात.

पुष्कळ ठिकाणी ही परीक्षा दोनदा होत असे. पहिली नुसत्या कच्च्या नळीची, दुसरी बंदूक जवळजवळ तयार झाल्यावर. म्हणून एकाच नळीवर अनेक ठसे दिसतात. ते दागिन्यावरचे नक्षीकाम नव्हे. ती त्या नळीची गुणपत्रिका आहे.

खुणा चार प्रकारच्या

जुन्या बंदुकीवर दिसणारी प्रत्येक खूण प्रूफची नसते. आधी चार प्रकार वेगळे करावेत.

पहिली, बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे नाव. हे बहुधा घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर किंवा नळ्यांच्या वरच्या अंगाला, दिसेल असे कोरलेले असते.

दुसरी, प्रूफची खूण. ही नळीवर असते, कारण परीक्षा नळीचीच होते. ठासणीच्या बंदुकीत ती नळीच्या मागच्या टोकाजवळ, पुष्कळदा डाव्या अंगाला दिसते. मोडून काडतूस भरायच्या दुनळीत ती नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर असते. नळ्या उतरवल्याशिवाय ती दिसतच नाही.

तिसरी, तपासणीची खूण. बार काढल्यानंतर नळी डोळ्यांनी पाहून पास करणाऱ्या निरीक्षकाचे हे चिन्ह. बहुधा एखादे अक्षर आणि त्यावर मुकुट किंवा तारा.

चौथी, मालकीची खूण. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराचे, चार भाग पाडलेले चिन्ह असे आणि त्यात कंपनीची अक्षरे. सुमारे १८०८ पासून त्याऐवजी मुकुट धरून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. आपल्या भागातील संग्रहालयांत शस्त्रांच्या दालनात जाल तेव्हा हा बदाम आणि हा सिंह शोधून पाहा. एका छोट्या चिन्हावरून बंदूक १८०८ च्या अलीकडची की पलीकडची याचा अंदाज येतो.

नाव विकणाऱ्याचे असते, ठसा तपासणाऱ्याचा असतो. दोघांत विरोध दिसला तर ठशाचे आधी ऐकावे.

लंडन आणि बर्मिंगहॅम

इंग्लंडमध्ये लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने सनद दिली. या संघाच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी ही रोमन अक्षरे गुंफलेली असतात, म्हणजे 'गनमेकर्स प्रूफ'. सोबत मुकुटाखाली व्ही, म्हणजे 'व्ह्यूड', पाहून तपासलेली.

बर्मिंगहॅम हे बंदुका बनवण्याचे दुसरे मोठे शहर. तेथे संसदेच्या कायद्याने १८१३ मध्ये प्रूफ हाऊस स्थापन झाले आणि ते आजही चालू आहे. १८१३ पासून १९०४ पर्यंत तेथील ठशात फुलीसारखे आडवे-तिडवे दोन राजदंड, वर मुकुट आणि मधल्या जागांत बी, पी, सी ही अक्षरे दिसतात. १९०४ पासून मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी असे साधे ठसे आले. यातील एनपी म्हणजे 'नायट्रो प्रूफ', धूर न करणाऱ्या नव्या दारूने घेतलेली परीक्षा.

म्हणजे बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली बीपी दिसले आणि घरातले म्हणाले की ही पेशवाईतली आहे, तर नम्रपणे मान हलवावी, पण वहीत '१९०४ नंतरची' असे लिहावे.

'टॉवर' या शब्दाबद्दल थोडे. इंग्रज सरकारच्या लष्करी बंदुकांच्या पट्टीवर मुकुट आणि टॉवर हा शब्द कोरलेला असे, कारण सरकारी शस्त्रागार टॉवर ऑफ लंडनमध्ये होते. या शब्दाला इतकी पत आली की खासगी व्यापाऱ्यांच्या मालावरही तो कोरला जाऊ लागला, आणि शोभेच्या नकली बंदुकांवर तर तो आजही कोरतात. म्हणून नुसते टॉवर वाचून हुरळून जाऊ नये. नळीवर प्रूफ आहे का, ते आधी पाहावे.

लिएज

बेल्जियममधील लिएज हे शहर शेकडो वर्षे बंदुकांचे माहेरघर होते. तेथे नळ्यांच्या परीक्षेचा हुकूम १६७२ मध्ये निघाला. पुढे हा प्रदेश नेपोलियनच्या साम्राज्यात गेला, तेव्हा १८१० च्या फर्मानाने परीक्षेचे नियम आणखी पक्के झाले. लिएजचे प्रूफ हाऊसही आज चालू आहे. तेथील माल स्वस्त आणि भरपूर असे आणि तो जगभर जाई.

लिएजचा मुख्य ठसा म्हणजे एक उभा अंडाकृती घेर, आत ई, एल, जी ही अक्षरे आणि एक तारा. फ्रेंच भाषेत 'एप्रूव्ह द लिएज', म्हणजे लिएजची परीक्षा, असा त्याचा अर्थ. १८९३ मध्ये या अंडाकृतीच्या डोक्यावर मुकुट आला. म्हणून मुकुट नसेल तर परीक्षा १८९३ पूर्वीची, मुकुट असेल तर नंतरची.

दुसरी उपयोगी खूण निरीक्षकाच्या अक्षराची. आधी या अक्षरावर मुकुट असे, १८७७ पासून त्या जागी तारा आला. याशिवाय एका खांबाचे छोटे चित्र दिसते. लिएज शहराच्या चौकात 'पेरों' नावाचा दगडी स्तंभ आहे, तो या शहराचे मानचिन्ह आहे. आपल्याकडे एखाद्या संस्थेने गावच्या किल्ल्याचे चित्र शिक्क्यात घ्यावे, तसेच हे.

जर्मनी

जर्मन साम्राज्यात सर्वांना लागू होणारा प्रूफचा कायदा १८९१ मध्ये झाला. त्यातील ठसे मुकुटाखाली एकेक अक्षर असे आहेत. बी म्हणजे बार काढून घेतलेली परीक्षा, यू म्हणजे तपासणी, जी म्हणजे आतून पिळाच्या खाचा पाडलेली नळी. मुकुटाखाली बी आणि यू असे ठसे असलेली जर्मन बंदूक १८९१ च्या आधीची असू शकत नाही. अक्षरे पाठ करण्याची गरज नाही. शिकायचे ते इतकेच की प्रत्येक ठशाला जन्मवर्ष असते.

आकड्यांचे गणित

ठशांच्या शेजारी आकडेही असतात. इंग्रजी नळीवर १२ दिसले तर तो कारखान्याचा अनुक्रमांक नव्हे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिसे घेऊन त्याच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची नळी. १६ गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होईल, म्हणून १६ बोअरची नळी १२ पेक्षा अरुंद असते.

नववी-दहावीच्या मुलांनी हे करून पाहावे. ४५४ ला १२ ने भागा, साधारण ३७.८ ग्रॅम आले. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. त्यावरून गोळीचे घनफळ काढा आणि गोलाच्या सूत्राने व्यास काढा. उत्तर सुमारे १८.५ मिलिमीटर येईल. बेल्जियमच्या नळ्यांवर हा व्यास सरळ मिलिमीटरमध्ये लिहिलेला आढळतो.

आमची बंदूक काय म्हणाली?

आता माझ्या पाटीकडे येते. दादांच्या फोटोत नळ्यांच्या बुडाशी तीन गोष्टी स्पष्ट होत्या. अंडाकृतीत ईएलजी आणि तारा, त्यावर मुकुट. निरीक्षकाचे अक्षर, त्यावर तारा. आणि १८.४ हा आकडा.

म्हणजे ही नळी लिएजला तपासली गेली, आणि तीही १८९३ किंवा त्यानंतर. १८५८ मध्ये ती अस्तित्वातच नव्हती. अंतर किमान ३५ वर्षांचे!

मग लक्षात आले की ठसा नसता तरी आम्हाला हे कळायला हवे होते. १८५७ च्या धड्यात मुले काय शिकतात? शिपायांना काडतूस दातांनी तोडावे लागे आणि त्याला चरबी लावलेली होती. काडतूस का तोडायचे? आतली दारू नळीच्या तोंडातून ओतून गोळी गजाने ठासायची म्हणून. म्हणजे त्या शिपायांच्या हातातल्या बंदुका ठासणीच्या होत्या. आमची दुनळी मागून मोडते आणि तिच्यात बुडाशी टोपी बसवलेले काडतूस जाते. तसली काडतुसे १८६० नंतरच्या दशकात रूढ झाली. हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला आणि घरच्या भिंतीवरची बंदूकही वर्षानुवर्षे पाहिली, पण दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

दादांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आबा खोटे बोलले?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेक घरांत अशी एखादी तलवार, बंदूक किंवा पगडी आहे, आणि तिच्याबरोबर एक गोष्ट आहे. महाराष्ट्रापासून दूर, पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरात राहणाऱ्या आपल्या समाजाने या गोष्टींवरच आपली ओळख जपली. ती गोष्ट हलली की आपल्या पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटते.

मी दादांना म्हटले, आबा खोटे बोलले नाहीत, त्यांनी जे ऐकले ते सांगितले. आणि खापरपणजोबा १८५८ मध्ये लढले की नाही, याबद्दल हा ठसा काहीच म्हणत नाही. तो फक्त इतकेच म्हणतो की या प्रसंगाची साक्षीदार मी नव्हे. बहुधा लढणाऱ्या माणसाची आठवण घरात होती, पुढे कधीतरी बंदूक घरात आली आणि दोन-तीन पिढ्यांत आठवण बंदुकीला जाऊन चिकटली. खापरपणजोबांचा पराक्रम सांगायचा असेल तर त्याचा पुरावा कागदपत्रांत शोधावा लागेल. चुकीच्या बंदुकीवर तो टांगून ठेवला, तर एखाद्या जाणकाराने ठसा वाचल्याबरोबर खरी गोष्टही खोटी ठरेल.

चार दिवसांनी दादांनी त्याच ठशांचे आणखी स्वच्छ फोटो पाठवले. सोबत एकही शब्द नव्हता. मी समजायचे ते समजले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी पाटी बदलली. नवी पाटी अशी : 'बेल्जियममधील लिएज येथे तपासलेली काडतुसाची दुनळी बंदूक, १८९३ नंतरची.' शेजारी दुसऱ्या कागदावर आबांची गोष्ट लिहिली, 'आमच्या घरात सांगितली जाणारी आठवण' या मथळ्याखाली. दोन्ही ठेवल्या, पण वेगवेगळ्या. आणि प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमोर त्या मुलीचे आभार मानले.

ठसा काय सांगत नाही?

एक : ठसा सर्वांत अलीकडची मर्यादा सांगत नाही. '१८९३ च्या आधीची नाही' इतके तो ठामपणे सांगतो. त्यानंतर नेमकी केव्हाची, ते इतर खुणांवरून ठरवावे लागते. जुनी नळी पुन्हा तपासायला गेली तर तिच्यावर नवे ठसेही पडतात.

दोन : ठसा आजच्या सुरक्षिततेची हमी देत नाही. ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. नळी तपासली गेली ती त्या काळच्या दारूने आणि त्या दिवशीच्या स्थितीत. जुनी काळी दारू आणि आजची धूरविरहित दारू यांच्या दाबात फरक आहे. लिएजमध्ये धूरविरहित दारूच्या परीक्षेचा ठसा वेगळा होता : सिंह आणि त्याखाली पी, व्ही ही अक्षरे. आमच्या बंदुकीवर तो नाही. शिवाय शंभर वर्षांत आतून गंज चढतो, तो ठशाला कळत नाही. अशा बंदुकीतून आजचे काडतूस उडवणे म्हणजे जिवाशी खेळ. ठासणीच्या बंदुकीत तर जुना बार तसाच भरलेला असू शकतो.

काळजी कशी घ्यावी?

मुलांनी बंदुकीला हात लावू नये, हा पहिला नियम. परवानाधारक मोठ्या माणसानेच ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी आणि फोटो काढावा. प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकला तर उथळ ठसाही उठून दिसतो. मुलांना सराव करायचा असेल तर नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी. ठसा वाचण्याची नजर तयार होते.

दसऱ्याला शस्त्रे पुजताना पॉलिश पेपर किंवा विटकरीची भुकटी लावून नळी चकचकीत करण्याची पद्धत काही घरांत आहे. कृपया तसे करू नका. ठसा अर्ध्या मिलिमीटरचाही खोल नसतो. दोन-चार दसऱ्यांत तो पुसला जातो आणि बंदुकीचा एकमेव जन्मदाखला आपल्या हाताने नष्ट होतो. मऊ फडके आणि थोडे तेल पुरेसे आहे.

कायद्याचेही भान असावे. बंदूक जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, असे स्वतःच ठरवू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काही सवलत आहे ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रांना. आपले शस्त्र त्यात बसते की नाही, हे जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, त्या परदेशी नेता-पाठवता येत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी एक विनंती. घरातील जुन्या वस्तूची पाटी लिहिताना दोन रकाने करा. एकात 'वस्तूवर काय दिसते' आणि दुसऱ्यात 'घरात काय सांगतात'. दोन्ही जुळले तर आनंदच आहे. जुळले नाही तर घाबरू नका आणि लपवूही नका. शाळेत येऊन सांगा, आपण मिळून शोधू. पाटी बदलायला थोडा वेळ लागतो, आणि थोडे मन घट्ट करावे लागते, एवढेच. मी हे अनुभवाने सांगते.

आपली,
प्राचार्या